बऱ्या त्वचेवरचं मलम

फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी लुसिआने आत्या चर्चमध्ये साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. कमरेला आमच्या बेटांवरच्या रिवाजाची जुनी, काठाशी उसवलेली मानाची चटई बांधलेली, केस घट्ट मागे ओढलेले. त्या उठल्या की आमच्या मांगेरे उपनगरातल्या चर्चमध्ये लहान पोरंसुद्धा चुळबुळ थांबवतात. त्यांनी नुनियाला हाताला धरून पुढे नेलं, दोन बोटांनी तिची हनुवटी वर केली आणि तिचा चेहरा आधी डावीकडच्या बाकांना, मग उजवीकडच्या बाकांना दाखवला.

“हा चेहरा ओळखता का?” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षी हाच चेहरा समोर आला की मान फिरवत होतात तुम्ही. नावं घेत नाही, पण मी बघत होते.”

मागच्या बाकांवर जरा हसू पिकलं.

“आम्ही बायका बुधवारी पहाटे उपाशीपोटी इथे बसलो. माझे गुडघे सुजले. आज बघा. देवानं हात फिरवला पोरीवर. संपलं ते.”

“मालिए,” पुरुष म्हणाले. “मालिए, मालिए.” बोलणं मनाला भिडलं की आमच्याकडे असंच म्हणतात.

नुनिया माझ्या भावाची, केलेपीदादाची मुलगी. सहा वर्षांची. तिला इसब झालं ते अगदी तान्ही असताना. आधी गालांवर, मग कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर आणि सगळ्यात वाईट म्हणजे पापण्यांवर. तिच्या हातांत मोजे घालून तिला झोपवायचे. सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके असायचे. स्टिरॉइडची क्रीम लावली की दोन-चार दिवसांत सगळं मावळायचं, थांबवली की परत यायचं, आणि पापण्यांवर तर ती फार दिवस लावताही येत नव्हती. शेवटी हॉस्पिटलमधल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळं मलम दिलं. त्यात स्टिरॉइड नव्हतं. टॅक्रोलिमस त्याचं नाव. त्वचेतल्या ज्या पेशी उगाच पेटून उठतात त्यांना ते शांत करतं, आणि कातडी मात्र पातळ करत नाही. सुरुवातीला झोंबतं. पहिल्या संध्याकाळी लेसिएलीवहिनीचा मला फोन आला होता, मागे नुनिया रडत होती. “वन्सं, हे औषध आहे की मिरची?”

मी तेव्हा औषधशास्त्राची पदवी घेऊन मांगेरेतल्याच एका औषधाच्या दुकानात नुकती लागले होते. मी वहिनीला सांगितलं, काही दिवस झोंबेल, मग थांबेल, सोडू नका. तिनं सोडलं नाही.

पण साक्षीच्या त्या रविवारी मला कुणी विचारलं असतं की पोरीला मलमानं बरं केलं का, तर मी छातीठोकपणे ‘हो’ म्हणू शकले नसते. मलम सुरू झालं त्याच सुमाराला बुधवारच्या प्रार्थना सुरू झाल्या होत्या. वहिनीनं कपड्यांची पावडर बदलली होती. ओल आलेल्या मागच्या खोलीतून नुनियाला पुढच्या खोलीत हलवलं होतं. चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या. विद्यापीठात कुणी असा प्रयोग केला असता तर आमच्या बाईंनी तो सरळ केराच्या टोपलीत टाकला असता. तेव्हा आत्यांनी मलमाचं नावही घेतलं नाही याचं मला काही वाटलं नाही. मला खटकला तो त्यांचा एकच शब्द. ‘संपलं.’

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे दादाकडे जेवायला होतो. दादा आणि बाकीचे पुरुष गॅरेजमध्ये, आम्ही बायका स्वयंपाकघरात. भाऊ-बहीण वयात आले की आमच्यात एका खोलीत बसत नाहीत. दादाचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकते, आणि त्याला काही सांगायचं असलं तर वहिनीकडून किंवा लांब दारात उभं राहून. लहानपणी याचं मला हसू यायचं. आता सवय झाली आहे.

जेवणं झाल्यावर वहिनी नुनियाला घेऊन आत गेली. आत्या हात पुसत तिच्या मागून गेल्या, आणि थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला.

“हे काय चोळतेस?”

मी दारात गेले. नुनिया पलंगावर डोळे मिटून बसली होती. वहिनीच्या बोटावर मलमाचा वाटाण्याएवढा गोळा होता.

“मलम आहे, आत्या. डॉक्टरांनी दिलेलं.”

“कुठे आहे इसब? दाखव मला.”

“आता कुठेच नाही.”

“मग औषध कुणाला लावतेस? उशीला?”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला लागले. वरून कातडी बरी दिसते, पण आतली धग पूर्ण विझलेली नसते. म्हणून जिथे जिथे इसब यायचं तिथे बरं असतानाच आठवड्यातून दोनदा मलम लावत राहायचं, म्हणजे ते उसळत नाही. मी सोपं करून सांगितलं. माझ्या मते चांगलं सांगितलं.

आत्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे देवानं वरवरची कातडी तेवढी नीट केली, आतलं काम तुझ्या दुकानावर सोडलं?”

“तसं नाही, आत्या.”

“मग कसं? मी सगळ्या चर्चसमोर उभी राहून सांगितलं. तिथे तूही होतीस. तेव्हा बोलायचं होतंस. आता या चेहऱ्यावर औषध लावायचं म्हणजे मी देवाच्या घरात खोटं बोलले असं होतं.”

खिडकीबाहेर दादा उभा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. आत्यांनी वहिनीच्या हातातून ट्यूब घेतली, टोपण शोधून नीट लावलं आणि आपल्या टोपलीत टाकली. दादा तिथून हलला, गॅरेजकडे गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बापाच्या बहिणीचा शब्द भावाच्या घरात शेवटचा असतो. बाबा जिवंत होते तेव्हा तेसुद्धा लुसिआने आत्यांपुढे मान वर करून बोलत नसत, आणि बाबा कुणाला घाबरणारे नव्हते.

मार्च सरला की आमच्या दक्षिण गोलार्धात थंडीची चाहूल लागते. हवा गार होऊ लागली. लोकरीचे कपडे बाहेर आले, हीटर लागले. नुनियाच्या गुडघ्यांमागे पहिली लाली दिसली तेव्हा वहिनीनं मला सांगितलं. मी म्हटलं, नवी ट्यूब आणून देते. वहिनी नको म्हणाली. आत्या दर दोन-तीन दिवसांनी येतात, पोरीचा चेहरा हातात धरून बघतात, वास घेतात, म्हणाली. मलमाला वास नसतो, मी म्हटलं. “आत्यांना येतो,” ती म्हणाली.

मग एका रविवारी नुनिया चर्चला आली नाही. सर्दी झाली आहे असं कळलं. पुढच्याही रविवारी सर्दी होती. फाका मे जवळ आला होता. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी मुलं नवे पांढरे कपडे घालून, एकेकटी पुढे उभी राहून पाठ केलेली वचनं म्हणतात, आणि प्रत्येक घराचा जीव आपापल्या पोरात अडकलेला असतो. नुनियाला या वर्षी लांबलचक उतारा मिळाला होता. तो आत्यांनीच निवडला होता. जिचा चेहरा दाखवला त्या पोरीनं सगळ्यांत मोठं म्हणायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

एप्रिलच्या मध्यावर मी पाठांतर ऐकायच्या निमित्तानं दादाकडे गेले. नुनियानं दार उघडलं, आणि मी आधी खूश झाले, कारण चेहऱ्यावर लाली नव्हती. मग ती खिडकीच्या उजेडात बसली. चेहरा जरा जास्तच गोरा दिसत होता, ठिकठिकाणी फिकट. पापण्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या चकचकीत होत्या आणि त्यांच्यातून बारीक लाल शिरा दिसत होत्या. असे चेहरे दुकानात काउंटरवर उभं राहून मी पाहिले होते. अशी कातडी आपोआप होत नाही.

“वहिनी,” मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, “काय लावताय?”

ती अळूची पानं धूत होती. तिनं नळ बंद केला नाही.

“काही नाही.”

“वहिनी.”

“तुम्ही रागावू नका, वन्सं. फाका मे होईपर्यंतच.”

तिच्या चुलत बहिणीला हातावरच्या जाड, भेगाळलेल्या इसबासाठी एक जहाल स्टिरॉइड क्रीम मिळाली होती. ती क्रीम वाईट नव्हती. तळहाताच्या कातडीला ती योग्यच होती. पापणीची कातडी ही अंगावरची सगळ्यात पातळ कातडी, आणि तिथून औषध सरळ डोळ्यात उतरतं. वहिनी ती क्रीम न्हाणीघराचं दार लावून, रोज दोन्ही वेळा पोरीच्या डोळ्यांवर लावत होती.

“यानं डोळ्यातला दाब वाढतो,” मी म्हटलं. “नजर जाऊ शकते. कातडी फाटते. मी तुम्हाला मागेच सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं.”

“मग माझं मलम का नाही लावलं? चोरून लावायचं तर तेच लावायचं.”

आता तिनं नळ बंद केला. “तुमचं मलम सावकाश चढतं, वन्सं. आधी झोंबतं, पोर रडते, रडल्यावर चेहरा लाल, आणि आत्या दारात. ही लावली की दुसऱ्या दिवशी साफ.” तिनं पानं झटकली. “तुमचं मलम लावलं तर आत्या खोट्या पडतात. काहीच नाही लावलं तर देव खोटा पडतो. ही लावली तर एकटी मी खोटी पडते. तेवढं मला झेपतं.”

तिनं सगळा विचार केलेला होता, आणि तिच्या जागी उभं राहिलं तर त्या विचारात चूक काढता येत नव्हती. चूक होती ती फक्त पोरीच्या डोळ्यांवर दिसत होती.

तेव्हा मी आजवर न केलेली गोष्ट केली. मी नुनियाची आत्या आहे. तिचं नाव मी ठेवलं, तेव्हा मी शाळेत होते. तिच्या पहिल्या वाढदिवसाला केकचा सगळ्यात वरचा मजला आणि सगळ्यात चांगली चटई आत्याचा मान म्हणून मला मिळाली होती, आणि मी तो केक मैत्रिणींना वाटून टाकला होता. आत्यापणाचा मला त्याहून जास्त उपयोग कधी वाटला नव्हता.

मी मागच्या दारात उभी राहिले. दादा अंगणाच्या टोकाला गवत कापायच्या यंत्राचं पातं काढून घासत होता.

“दादा,” मी मोठ्यानं म्हटलं, “नुनिया माझ्याकडे राहील. मी तिला आत्ता नेते.”

त्यानं वर पाहिलं नाही, पण हात थांबला. “बरं,” तो म्हणाला. मग घराकडे तोंड करून म्हणाला, “लेसिएली, तिची जाड जर्सी पिशवीत घाल.”

बस. का, किती दिवस, शाळेचं काय, यातलं काही नाही. त्याला कारण विचारायचा हक्क नव्हता आणि मला कारण द्यायची गरज नव्हती. चार वर्षं मी फक्त कारणं द्यायला शिकले होते. आत्यांपुढे ती सगळी वाया गेली होती, आणि इथे एका वाक्यात काम झालं. गाडीत बसताना मला सुटल्यासारखं वाटलं नाही. उद्या मी चुकीचं काही बोलले तरी तो ‘बरं’च म्हणेल, हे डोक्यातून जाईना.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. डोळ्यांचा दाब मोजला. थोडा वाढलेला होता, पण उतरण्यासारखा होता. “वेळेवर आणलंत,” त्या म्हणाल्या. जहाल क्रीम बंद, मलम परत सुरू, पुन्हा तपासायला यायचं. क्रीम थांबल्यावर चेहरा आधी भडकेल, बरा व्हायच्या आधी वाईट दिसेल, हेही त्यांनी सांगितलं. मी फाका मेचा हिशोब केला. त्या रविवारी ती नेमकी सगळ्यात वाईट दिसणार होती.

पोरीला घरात लपवून ठेवणं सोपं होतं. सर्दी तर चालूच होती. पण मग फाका मे झाल्यावर ती परत दादाच्या घरी जाणार, आत्या तिचा चेहरा हातात धरणार, आणि न्हाणीघराचं दार परत लागणार. म्हणून शनिवारी सकाळी मी नुनियाला घेऊन लुसिआने आत्यांकडे गेले.

त्यांच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर पांढऱ्या कापडाचा ढीग होता. अर्ध्या चर्चच्या पोरींचे झगे त्या शिवतात. तोंडात टाचण्या धरल्या होत्या, तरी बोलणं थांबलं नाही.

“या पुस्तकवाल्या पिसिलाबाई. परवाच तुझा तो पदवीचा टोपीवाला फोटो बघत होते. टोपी छान होती. खाली डोकं आहे का अजून?”

“आहे, आत्या. नुनियाला घेऊन आले.”

“कळलं मला. भावाच्या घरातून पोर उचललीस म्हणे. लेसिएली रडत होती फोनवर.” त्यांनी नुनियाकडे पाहिलं. गालांवर लाली चढू लागली होती, पापण्या सुजल्या होत्या. त्या पाहत राहिल्या, मग मला म्हणाल्या, “काय केलंस हिला?”

मी सांगितलं. मलम बंद झाल्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळं, वहिनीवर न ढकलता. मग जे ठरवून आले होते ते म्हणाले. “मी नुनियाची आत्या आहे. तिच्या अंगाला काय लावायचं ते मी ठरवणार. मलम लावणार, आणि ती बरी झाल्यावरही लावणार.”

आत्यांनी यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

“तू तिची आत्या, आणि मी तुझी. तुझ्या बापाची मोठी बहीण. तुझं आत्यापण कुठून आलं? तुझ्या दुकानातून?”

“नाही.”

“मग माझ्यापुढे ते नाचवू नकोस.”

त्यांचं बरोबर होतं. त्या मोजमापात मी त्यांच्या खाली होते, आणि ते मोजमाप मीच घेऊन आले होते. त्या उठल्या, ढिगातून नुनियाचा झगा काढला आणि तिला समोर उभं केलं. “हात वर. माप तरी बघू.”

झगा डोक्यातून घालताना नव्या कापडाची कडक कड नुनियाच्या पापणीवरून घासली गेली. तिनं ओठ आवळले. रडली नाही, ओरडली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात, जिथे कातडी पापुद्र्याएवढी राहिली होती, तिथे रक्ताचा एक थेंब आला.

“दुखलं?” आत्यांनी विचारलं.

“नाही.”

“रक्त आलंय. दुखलं असेल.”

“दुखत नाही म्हणायचं,” नुनिया म्हणाली.

“कुणी सांगितलं तुला? आईनं?”

“नाही.”

“पिसिलानं?”

“नाही. माझं मीच.” ती झग्याच्या बाहीत हात शोधत होती. “मला सगळ्यांनी बघितलंय ना. मग दुखतं म्हटलं तर ते म्हणतील देवानं केलंच नाही.”

आत्यांनी रुमालाच्या टोकानं तो थेंब टिपला. मग झगा परत काढला, हळूहळू, कापड हातानं चेहऱ्यापासून लांब धरून. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या.

“जा,” त्या नुनियाला म्हणाल्या, “अंगणात फिजोआ पडलेत. चांगले बघून वेच. किडके आणशील तर तुलाच खायला लावीन.”

नुनिया गेली. आत्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

“मी खोटं नव्हते बोलले,” त्या म्हणाल्या.

“नाही, आत्या.”

“ते माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं मी. चेहरा साफ होता.”

“होता.”

“देवानंच केलं ते.”

“मला माहीत नाही. मलम लावत होतो तेव्हा बरं होतं, थांबवलं तेव्हा परत आलं. एवढंच मला सांगता येतं. बुधवारची प्रार्थना तुम्ही थांबवली नव्हती, त्यामुळे तिच्याबद्दल मला काहीच म्हणता येत नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जास्तच नेमकं बोलले असं मला वाटलं. पण त्या चिडल्या नाहीत.

“किती दिवस लावायचं?”

“साफ होईपर्यंत रोज. मग आठवड्यातून दोनदा.”

“आणि मग?”

“मग तेच. काही मुलांचं मोठेपणी जातं. काहींचं जात नाही.”

“म्हणजे संपत नाही.”

“आवरता येतं. पण संपलं असं म्हणता येत नाही.”

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. अंगणात नुनिया वाकून एकेक फळ उचलून नाकाशी नेत होती. “बरी झाली म्हणाले, ते खरं होतं,” आत्या म्हणाल्या. “संपलं म्हणाले, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ना देवानं, ना डॉक्टरनं. ते मी माझ्या पदरचं घातलं. बोलण्याच्या भरात.” मग जरा थांबून, “लोकांनी मालिए म्हटलं की माणसाला चढतं.”

ट्यूब त्यांनी कधीच फेकून दिली होती. मी माझ्या पिशवीतली काढली. त्यांनी विचारलं, किती घ्यायचं, चोळायचं की नुसतं पसरायचं, हात आधी धुवायचे की नंतर. दोन्ही, मी म्हटलं. त्या दिवशी नुनिया फळं घेऊन आत आल्यावर मलम त्यांनीच लावलं. ते झोंबलं. नुनियानं त्यांच्याकडे पाहिलं. “दुखतंय तर रड की,” आत्या म्हणाल्या. “मी काय चर्च आहे?” मग ती रडली, चांगली मोठ्यानं.

फाका मेच्या दिवशी नुनियाचा चेहरा लालभडक होता. पापण्या सुजलेल्या, मानेवर पांढऱ्या झग्याच्या कडेनं खाजवल्याच्या रेघा. वहिनी म्हणत होती, नको नेऊ या. आत्या म्हणाल्या, पाठ केलंय तर म्हणेल. नुनिया पुढे गेली तेव्हा बाकांवरून एक कुजबुज सरकली. दोन महिन्यांपूर्वी याच जागी तिची हनुवटी वर केली होती हे कुणी विसरलेलं नव्हतं. ती मध्येच अडली, पायांकडे बघत राहिली. पुढच्या बाकावर बसलेल्या आत्यांनी पुढचा शब्द दिला, साध्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा. नुनियानं बाकीचं पूर्ण म्हटलं. कुणी मालिए म्हटलं नाही. पाठांतराच्या शेवटी आत्या उठून काही बोलतील असं पुष्कळांना वाटलं असावं, कारण माना त्यांच्या बाकाकडे वळल्या. त्या बसून राहिल्या.

त्यानंतर बुधवारच्या प्रार्थनेला त्या मागे बसू लागल्या. पुढे दुसरी बाई बसू लागली. त्यांना कुणी मागे बसायला सांगितलं की त्या आपणहून बसल्या, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायची माझी हिंमत नाही. आजारी माणसांच्या घरी त्या पूर्वीसारख्या जातात, पण चर्चमध्ये साक्ष द्यायला उभ्या राहत नाहीत. लोक म्हणतात, लुसिआने थकली. दादाच्या घरी मात्र न्हाणीघराचं दार उघडं असतं, आणि ठरलेल्या दोन संध्याकाळी वहिनी पुढच्या खोलीत, सगळ्यांसमोर मलम लावते. डोळ्यांचा दाब जूनमध्ये उतरला. पापण्यांची कातडी सावकाश भरते आहे. शिरा अजून थोड्या दिसतात.

जुलैतल्या एका शनिवारी दुकानात खूप गर्दी होती. शनिवारी सकाळी निम्मं चर्च आमच्याच रांगेत असतं. नुनियाचं मलम आजवर मीच संध्याकाळी पिशवीत घालून दादाकडे नेऊन देत होते. त्या दिवशी मान वर केली तर रांगेत लुसिआने आत्या होत्या, नुनियाचा हात धरून. त्यांच्यामागे सिलियाकाकू होत्या. बुधवारी आता पुढे बसतात त्या याच. मी आत्यांना हात केला, बाजूनं या म्हणून. त्यांनी दुर्लक्ष केलं आणि रांगेतच उभ्या राहिल्या.

“नुनियाचं मलम,” नंबर आल्यावर त्या म्हणाल्या.

“पोरगी तर बरी दिसते की गं,” सिलियाकाकू मागून म्हणाल्या. त्यांनी वाकून नुनियाच्या गालाला हात लावला. “अगदी साफ आहे.”

“बरी आहे,” आत्या म्हणाल्या.

“मग हे कशाला?”

रांग पुढे सरकायची थांबली होती. आत्या मागे वळल्या नाहीत. त्या माझ्याकडेच बघत बोलल्या, पण आवाज पुढच्या बाकावरचा होता.

“बरी आहे म्हणूनच लावायचं. थांबवलं की परत येतं. एकदा थांबवून बघितलं मी, पोरीचे डोळे जायची वेळ आली होती. संपलं म्हणाले होते ना मी सगळ्यांसमोर? ते चुकलं माझं. संपलेलं नाही.”

सिलियाकाकूंनी नुनियाच्या गालावरचा हात काढला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवला.

मी खोक्यावर चिठ्ठी चिकटवली, नाव तपासलं आणि खोकं कागदी पिशवीत सरकवू लागले.

“पिशवी कशाला?” आत्या म्हणाल्या. “हातात दे.”

मी दिलं. त्यांनी एका हातात ते धरलं, दुसऱ्या हातात नुनियाला, आणि रांगेच्या कडेनं, ओळखीच्या प्रत्येकाला मान हलवून विचारपूस करत, दारापर्यंत गेल्या.